मोहोर येण्याआधी वेबसाइट बदलून मोकळे व्हा

वाचकाचं पत्र : रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. आंबापोळी आणि कोकमंही विकतो. 2014 साली पुतण्याच्या मित्राने वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली होती. हंगामात रोज दहा-पंधरा ऑर्डरी तिच्यावरून येतात, बाकीच्या फोन आणि व्हॉट्सॲपवर. साइट मोबाईलवर नीट दिसत नाही. मराठी पानं उघडली की काहींच्या फोनवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. एका कंपनीने 1 लाख 40 हजारांचं कोटेशन दिलं आहे आणि डोमेनही (वेबसाइटचा पत्ता) नवं, आधुनिक घ्या असं सुचवलं आहे. मुलगी म्हणते नुसती थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) बदलली तरी भागेल. शेजारच्या बागायतदारांनी यंदा मार्चमध्ये साइट बदलली आणि ऑर्डरी निम्म्यावर आल्या, त्यामुळे हात लावायचीही धास्ती वाटते. सुरुवात कुठून करावी?
— एक बागायतदार, रत्नागिरी तालुका

उत्तर :

पत्र जूनमध्ये पाठवलंत हे फार बरं झालं. हेच पत्र जानेवारीत आलं असतं, तर ‘आता मे संपेपर्यंत काही करू नका’ एवढंच उत्तर द्यावं लागलं असतं.

शेजाऱ्यांचं काय बिनसलं असेल ते आधी पाहू, कारण तुमची धास्ती तिथून सुरू झाली आहे. साइट नवी होते तेव्हा बहुतेक वेळा पानांचे पत्ते बदलतात. जुना पत्ता गूगलच्या यादीत असतो, गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपमध्ये असतो, कुणाच्या ब्लॉगवर असतो. नव्या साइटवर तो पत्ताच नसेल, तर येणाऱ्याला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसतं. नव्या पत्त्यांची ओळख पटायला गूगलला काही आठवडे लागतात. इतर धंद्यांत हे आठवडे निभावून नेता येतात. आंब्याची विक्री मात्र मार्च ते मे एवढीच, आणि त्यातले चार-सहा आठवडे गेले की हंगाम गेला. नवी साइट देखणी असूनही ऑर्डरी पडतात त्या बहुधा अशा. म्हणून तुमचं वेळापत्रक उलटं मोजा. फेब्रुवारीत लोक आगाऊ बुकिंगसाठी शोधायला लागतात, तेव्हा 31 जानेवारीनंतर साइटच्या रचनेला हात लावायचा नाही. डिसेंबर-जानेवारी चुका निस्तरायला हवेत. म्हणजे नवी साइट दिवाळीनंतर, पण नोव्हेंबर संपायच्या आत चालू व्हायला हवी. मध्ये गणपती आणि दिवाळी आहेत. त्या दिवसांत ना तुम्हाला वेळ असतो ना साइट करणाऱ्यांना, तेव्हा तीन आठवडे आधीच वजा धरा.

किल्ल्या कुणाकडे आहेत?

डिझाइनचा विषय काढायच्या आधी हे बघा. पुतण्याच्या मित्राने 2014 साली डोमेन कुणाच्या नावावर घेतलं? नूतनीकरणाची मेल कुणाला जाते? अशा ओळखीने झालेल्या साइटींमध्ये डोमेन त्या मुलाच्या स्वतःच्या खात्यात असणं नवलाचं नाही. त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण त्याचा नंबर बदलला, कार्डाची मुदत संपली, तर एक दिवस डोमेन सुटतं आणि दुसराच कुणी ते उचलतो.

त्याला फोन करा आणि डोमेन तुमच्या नावाच्या खात्यात घ्या. त्याच कंपनीत दुसरं खातं उघडून आतल्या आत हलवणं सगळ्यात सोपं. दुसऱ्या कंपनीत न्यायचं असेल, तर त्याच्याकडून ट्रान्सफर कोड लागेल. डॉटकॉम डोमेन एकदा हलवलं की पुढचे 60 दिवस सहसा पुन्हा हलवता येत नाही, म्हणून हे काम जूनमध्येच उरका. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), वर्डप्रेसचं ॲडमिन, गूगलवरचं तुमच्या व्यवसायाचं प्रोफाइल, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), ईमेल या प्रत्येकाचं मुख्य खातं तुमच्या किंवा मुलीच्या मेलवर हवं. साइट करणाऱ्याला वेगळं लॉगिन द्यावं, काम झालं की काढून घ्यावं.

आणि नवं डोमेन घेऊ नका. अकरा-बारा वर्षांत त्या पत्त्याने जी ओळख कमावली आहे ती कोटेशनमध्ये कुठे लिहिलेली नसते, पण तुमच्या साइटची खरी पुंजी तीच आहे. तो पत्ता तुमच्या पेट्यांवर छापला आहे, जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी आहे. नाव इतकं लांबलचक असेल की फोनवर सांगताना अडखळायला होतं, तर एक छोटं नाव जास्तीचं घेऊन ते जुन्याकडे वळवा. मुख्य पत्ता जुनाच ठेवा.

पानांची वही

आता मुख्य कामाकडे येतो. सगळ्यात जास्त वेळ याला द्या, कारण नवी साइट चालेल की नाही ते इथे ठरतं.

गूगल सर्च कन्सोल उघडा. तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारी ही गूगलचीच सेवा आहे. साइट तिथे जोडलेली नसेल, तर आजच जोडा. जोडलेली असेल, तर शोधातून आलेल्या क्लिक्सचे आकडे पानांनुसार आणि शोधशब्दांनुसार एक्सेलमध्ये उतरवून घ्या. तिथे मागच्या 16 महिन्यांपर्यंतचेच आकडे राहतात. जूनमध्ये उतरवलेत तर दोन पूर्ण हंगाम हाती येतील. ऑक्टोबरवर ढकललंत तर त्यातला आधीचा हंगाम गळून गेलेला असेल. साइटवर येणाऱ्यांची मोजदाद ठेवणारं गूगल ॲनालिटिक्स 4 असेल, तर त्यातली तपशीलवार माहिती मूळ सेटिंगप्रमाणे फक्त 2 महिने टिकते. ती मुदत सेटिंगमध्ये जाऊन 14 महिने करा. मागचं गेलेलं परत येत नाही, पण पुढच्या हंगामाला उपयोगी पडेल.

मग साइटवरच्या एकूण एक पानाची यादी करा, हीच आपली वही. साइटमॅपमधून, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी असलेल्या फाइलमधून, पत्ते मिळतील. ‘स्क्रीमिंग फ्रॉग’ नावाचं सॉफ्टवेअर 500 पत्त्यांपर्यंत फुकट चालतं, तेही वापरा, म्हणजे साइटमॅपमध्ये नसलेली पानं सापडतील. प्रत्येक पानासाठी एक ओळ आणि पाच रकाने: जुना पत्ता, दोन हंगामांतले क्लिक, पानावर काय आहे, काय करायचं, नवा पत्ता. ‘काय करायचं’ या रकान्यात तीनच शब्द चालतात: ठेवा, मिसळा, काढा.

एक उदाहरण घेऊ. समजा, ‘हापूसचे दर 2019’, ‘हापूसचे दर 2021’, ‘हापूसचे दर 2023’ अशी तीन पानं आहेत. दर वर्षी नवं पान केलं की मागच्या पानाने कमावलेली जागा वाया जाते आणि गिऱ्हाईक 2021 चा दर वाचून फोनवर भांडतं. नव्या साइटवर वर्ष नसलेला एकच पत्ता ठेवा, ‘hapus-dar’ एवढाच. दर वर्षी त्याच पानावरचे आकडे बदला, वर तारीख घाला. जुन्या तिन्ही पत्त्यांपुढे ‘मिसळा’ लिहा आणि नव्या पत्त्याच्या रकान्यात हा एकच पत्ता भरा.

याच वहीतून पुढे 301 वळणं तयार होतात. 301 म्हणजे ‘हे पान कायमचं इकडे हललं’ असा निरोप. तो माणसालाही नव्या पानावर नेतो आणि गूगललाही कळवतो. इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं. आंबा पिकवायचा कसा हे शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठ दाखवलंत, तर तो निघून जातो, आणि गूगलही असं वळण बऱ्याचदा ‘पान सापडलं नाही’ याच खात्यात टाकतं. दुसरी, वळणावर वळण. जुना पत्ता आधी सुरक्षित जोडणीच्या (https) पत्त्यावर, तिथून दुसऱ्या पत्त्यावर, तिथून तिसऱ्या. प्रत्येक जुना पत्ता एकाच उडीत शेवटच्या पानावर पोचला पाहिजे. तिसरी, 301 ऐवजी 302 म्हणजे तात्पुरतं वळण लावणं. माणसाला फरक जाणवत नाही, गूगलला मात्र ‘हे तात्पुरतं आहे, जुनाच पत्ता धरून राहा’ असा निरोप जातो.

ही वळणं किमान एक वर्ष ठेवावीत असं गूगल सांगतं. तुमच्या धंद्यात ती कायमची ठेवा. तुमचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं. गेल्या एप्रिलमध्ये मावशीने पाठवलेली लिंक ते पुढच्या एप्रिलमध्ये उघडतं, कधी त्याच्याही पुढच्या.

नवे पत्ते रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा टक्केचिन्हांची तीन ओळींची माळ होते आणि लोकांना ती लबाडीची लिंक वाटते. पान मात्र मराठीतच राहू द्या.

गिऱ्हाईक काय विचारतं?

यंदाच्या हंगामातले व्हॉट्सॲप संवाद अजून फोनमध्ये असतील. त्यातले शंभर-दीडशे प्रश्न मुलीला एका कागदावर उतरवायला सांगा आणि एकासारखे एक गटात घाला. दहा-बारा गटांपलीकडे ते जाणार नाहीत: पेटीत किती डझन, फळ केवढं, कच्चं येणार की पिकलेलं, आमच्या पिनकोडला कधी पोचेल, फळ खराब निघालं तर काय, पैसे आधी द्यायचे का, दर पुढे उतरेल का, कार्बाइडने पिकवलेलं नाही ना. साइटचा आराखडा याच गटांवर करा. ‘आमच्याविषयी’, ‘आमची दृष्टी’, ‘आमचं ध्येय’ अशी पानं कोटेशनमध्ये हटकून असतात. त्यातलं एकच ठेवा, बागेचं.

पेटीच्या पानावर काय असावं ते उघडच लिहून दाखवतो:

‘रत्नागिरी हापूस, 5 डझनांची लाकडी पेटी. एक फळ साधारण 220 ते 250 ग्रॅम. फळ तयार पण कडक असताना पाठवतो. घरी आढीत 5 ते 8 दिवसांत पिकतं. पेटी मिळाली की त्याच दिवशी उघडा, फळं गवतावर किंवा कागदावर एका थरात पसरा, कच्ची असताना फ्रिजमध्ये ठेवू नका. मुंबई-पुण्याला मंगळवारी आणि शुक्रवारी पेट्या निघतात. फळ सडकं निघालं, तर पेटी मिळाल्यापासून 48 तासांत फोटो पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे परत करतो.’

दिवस, वजन, मुदत तुमच्या रिवाजाप्रमाणे बदला, पण आकडा लिहा. ‘उत्तम दर्जाचे रसाळ आंबे’ या वाक्याने एकही फोन कमी होत नाही. ‘5 डझन, 220 ते 250 ग्रॅम’ याने होतात. 4 डझनांची पेटी महाग का आणि 8 डझनांची स्वस्त का, हे शहरातल्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. डझन वाढले की फळ लहान, ही एक ओळ शेजारी फोटोसह लिहून टाका.

ऑर्डर घेण्याच्या पद्धतीत आठवड्याचा कोटा असलाच पाहिजे. बहुतेक तयार दुकानी प्लगिन्स (वर्डप्रेसला जोडायचे तयार भाग) ‘शिल्लक किती’ एवढंच मोजतात. आंब्याचा साठा गोदामात नसतो, तो झाडावर असतो आणि ऊन-पावसाप्रमाणे पुढेमागे होतो. म्हणून ‘एप्रिलचा दुसरा आठवडा: 40 पेट्या’ असे गट करून घ्या. कोटा भरला की साइटने आपणहून पुढचा आठवडा दाखवावा. कोटा आणि दर हे दोन आकडे तुम्हाला स्वतःला फोनवरून बदलता आले पाहिजेत. दर वेळी कंपनीला मेल करावी लागत असेल, तर ती साइट एप्रिलमध्ये निरुपयोगी ठरेल. परदेशातली मुलं पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांसाठी पेटी मागवत असतील, तर परदेशी कार्ड घेण्याची परवानगी पेमेंट गेटवेकडून वेगळी काढावी लागते. तिला कागदपत्रं आणि वेळ लागतो, अर्ज सप्टेंबरमध्येच करून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. ई-कॉमर्ससाठीचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम पाहून साइटवर व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव-हुद्दा-संपर्क टाका. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी त्यात मुदत आहे. आंबापोळी आणि कोकम पाकीटबंद असल्याने निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता हे तपशील पानावरही लागतात. सोबत अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक द्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, तर तो क्रमांक पेटीच्या पानावर ठळक द्या. नसेल केली, तर या पावसाळ्यात करा. बाहेरचा आंबा हापूस म्हणून खपवणाऱ्यांच्या गर्दीत तो क्रमांक तुमच्या बाजूने बोलतो.

मराठी पानांची अक्षरं

तुमची मराठी पानं बहुधा जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरं साठवायची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाली आहेत. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असलं तरी आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ज्याच्या फोनवर तो फॉन्ट पोचत नाही त्याला ती खिचडी दिसते. गूगललाही तेवढीच दिसते. म्हणजे इतकी वर्षं तुमचा मराठी मजकूर गूगलने वाचलेलाच नाही. ही पानं नीट झाली की मराठीतून शोधणारं गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पहिल्यांदाच पोचू लागेल, आणि या सगळ्या खर्चातला हा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. ‘दुसऱ्या’तला ऱ्या, ‘कोऱ्हाटी’तला ऱ्हा, ‘ज्ञ’, ‘श्र’, रफार आणि ‘ॲ’ ही ठिकाणं हमखास बिघडतात. प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मुक्ता (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट पुरेसे आहेत. अक्षरांमध्ये अंतर वाढवणारी सेटिंग देवनागरीला लावू देऊ नका, शिरोरेषा तुटते. ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या दीडपटीहून थोडं अधिक, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. इंग्रजी पानं मशीनने भाषांतरित करून मराठी म्हणून लावायची टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नका. दरपत्रक चित्र म्हणून टाकायची सवयही सोडा. ते गूगलला नीट वाचता येईलच असं नाही, आणि मोबाईलवर गिऱ्हाइकाला दोन बोटांनी ताणून बघावं लागतं.

फोटो आणि वेग

आता जूनमध्ये झाडावर फळ नाही, ही अडचण कोटेशन देणाऱ्याच्या लक्षात नसते. मग तो इंटरनेटवरचे कुठलेही आंबे लावून देतो आणि जाणता माणूस ते हापूस नाहीत हे एका नजरेत ओळखतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले एप्रिल-मेचे फोटो आत्ताच एका जागी गोळा करा. मोहोराचे फोटो हिवाळ्यात काढून भरा. पुढच्या हंगामासाठी यादी आजच लिहून ठेवा: झाकण काढलेली पेटी वरून, तळहातावर एक फळ, म्हणजे आकार कळतो, आढी, कापलेली फोड, पेटी भरणारे हात.

फोनमधला फोटो 4-5 एमबीचा असतो. असे सहा फोटो सरकत्या पट्टीत मुखपृष्ठावर लावले की साइट उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. रुंदी 1200 पिक्सेल, वेबपी प्रकार (कमी वजनाची फोटो-फाइल), वजन 150 केबीच्या आत, एवढं ठरवून द्या. सरकती पट्टी नकोच, एक चांगला फोटो बास. वेगासाठी गूगलचे तीन माप आहेत. पानावरचा सगळ्यात मोठा भाग 2.5 सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये, त्या हालचालीचा गुणांक 0.1 च्या आत. हे तिन्ही आकडे मोबाईलसाठी करारात लिहा. पान तपासायचं तेही बागेत उभं राहून, साध्या अँड्रॉइड फोनवर.

थीम बदलावी की नवी साइट?

मुलीचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण धोका समजून घ्या. 2014 च्या थीममध्ये उत्पादनांची पानं थीमनेच तयार केलेली असतील, तर थीम काढल्याबरोबर ती गायब होतील किंवा मजकुराच्या जागी चौकोनी कंसांतले शब्द उरतील. आधी साइटची प्रत वेगळ्या जागी उतरवा आणि तिथे थीम बदलून बघा. तुमच्याकडे पन्नासच्या आत पानं असतील, पत्ते न बदलता ती शाबूत राहत असतील, तर नवी थीम, युनिकोड मजकूर आणि कोटा मोजणारा ऑर्डर फॉर्म एवढ्यावर भागेल आणि खर्च बराच कमी होईल.

कोटेशनच्या रकमेवरून ते महाग की स्वस्त हे मी सांगणार नाही. त्यात काय लिहिलं आहे ते बघा. पानांची वही आणि 301 वळणं कोण करणार? मजकुराचं युनिकोड रूपांतर आणि तपासणी धरली आहे का? प्लगिन आणि थीमचे परवाने कुणाच्या नावावर, आणि दर वर्षी त्यांचा खर्च किती? होस्टिंग वेगळं का? साइट चालू झाल्यावर तीन महिने दुरुस्ती धरली आहे का, आणि मार्च-मेमध्ये फोन किती तासांत उचलणार? याची उत्तरं लेखी मागा. पैसे चार हप्त्यांत द्या: सुरुवातीला 25 टक्के, मोबाईलवरचा आराखडा मंजूर झाल्यावर 25, चाचणीच्या जागी साइट पूर्ण दिसल्यावर 30, आणि उरलेले 20 टक्के चालू झाल्यानंतर 30 दिवसांनी, सगळी वळणं तपासून. शेवटचा हप्ता हातचा राखलात तरच वळणांचं कंटाळवाणं काम नीट होतं.

चालू करायचा दिवस

मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी मुळीच नाही, बिघडलं तर सोमवारपर्यंत कुणी भेटत नाही. दोन दिवस आधी डीएनएसमधला (डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचं त्या नोंदींमधला) टीटीएल, म्हणजे नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, 300 सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो आणि गरज पडली तर लवकर मागेही घेता येतो. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी सांभाळणारा सर्व्हर, बदलणार असाल, तर आधीच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घ्या, विशेषतः ईमेलच्या: एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम. या राहिल्या की साइट छान चालते, पण मेल यायचे थांबतात, आणि हे चार दिवसांनी कुणीतरी ‘उत्तर का देत नाही’ म्हणून फोन केल्यावर कळतं.

चाचणीच्या काळात साइट गूगलपासून लपवलेली असते. वर्डप्रेसच्या वाचन-सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी एक चौकट आहे. साइट चालू करताना तिच्यातली खूण काढायला विसरलं, तर नवी साइट हळूहळू गूगलमधून पुसली जाते. ही एका क्लिकची चूक आहे आणि तिने अख्खा हंगाम जाऊ शकतो. ती चौकट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग वहीतले जास्त क्लिकवाले वीस जुने पत्ते हाताने टाकून प्रत्येक कुठे पोचतो ते तपासा. खऱ्या कार्डाने आणि खऱ्या यूपीआयने एकेक छोटी ऑर्डर करा, पैसे परत करून बघा, पावतीची मेल स्पॅममध्ये जात नाही ना ते पाहा. नवा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये द्या. जुन्या साइटची पूर्ण प्रत, फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही, पेनड्राइव्हवर घरी ठेवा.

पुढचे चार आठवडे दर सोमवारी सर्च कन्सोलमध्ये ‘सापडली नाहीत’ अशी पानं बघा आणि वहीत सुटलेले पत्ते भरत जा. या काळात आकडे खालीवर होतील, घाबरून पुन्हा पत्ते बदलू नका. तुलना करताना डिसेंबरची तुलना मागच्या डिसेंबरशीच करा. एप्रिलच्या आकड्यांशी केलीत तर साइट बुडाली असं वाटेल.

आणि एक. पेट्यांच्या झाकणांची छपाई तुम्ही हिवाळ्यात टाकत असाल. त्यावर क्यूआर कोड घालणार असाल, तर तो फुकटच्या क्यूआर सेवेतून फिरवून आणू नका. अशा काही सेवांची मुदत संपली की कोड बंद पडतो, आणि हजार छापील झाकणं हातात राहतात. कोड थेट तुमच्याच डोमेनवरच्या एका आखूड पत्त्याचा करा, ‘peti’ एवढाच शब्द पुढे. त्या पत्त्यावर आढी कशी लावायची ते आणि खराब फळाचा फोटो पाठवायचं बटण ठेवा. छपाईला देण्याआधी कोड कागदावर झाकणावरच्याच मापात छापा आणि तीन वेगवेगळ्या फोनवरून उघडून बघा.